लॅपटॉपच्या स्पीकरची जाळी : तिची निगा व स्वच्छता



शाळेतील वस्तूंची निगा राखणे हा विषय शिक्षकांना नवा नाही. फळा काळा करणे, नकाशे गुंडाळून खुंटीस अडकविणे, तराजूची पारडी पुसून ठेवणे, पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे, ही कामे गावोगावच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. अलीकडे त्याच कपाटात लॅपटॉप येऊन बसला आहे. त्याचा पडदा मळला म्हणजे तो मळ सर्वांना दिसतो व कोणी ना कोणी तो पुसतो. परंतु त्याच यंत्राचा आवाज ज्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो, ती छिद्रे धुळीने बुजत चालली तरी ती गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या छिद्रांची निगा कशी राखावी, व ती राखण्याच्या भरात यंत्राची हानी कशी टाळावी, हा या भाषणाचा विषय आहे.

विषय ऐकताच तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. चिमूटभर धुळीविषयी शिक्षकांच्या सभेत बोलावे काय, असाही प्रश्न मनात येईल. परंतु या चिमूटभर धुळीचा संबंध यंत्राहून अधिक शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलाशी आहे. लॅपटॉपवर कविता लावली, गोष्ट लावली, इंग्रजी शब्दांचे उच्चार लावले, म्हणजे शिक्षक यंत्राजवळ उभा असतो. त्यास सर्व काही नीट ऐकू येते. शिवाय तो पाठ त्यास आधीच ठाऊक असतो. शेवटच्या रांगेतील मुलास तो पाठ ठाऊक नसतो आणि आवाज तर अर्धवटच पोहोचतो. अशा वेळी जे बुडते ते सगळे एकदम बुडत नाही. आवाज येतो, चालही कळते. शब्द मात्र कळत नाहीत. याचे कारण समजून घेतले पाहिजे.

माणसाचा कान दर सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने होणारे ध्वनी ऐकू शकतो. बोलण्यातील स्वर हे मुख्यतः या पट्ट्याच्या खालच्या भागात असतात व त्यांत जोर अधिक असतो. 'स', 'श', 'च', 'फ' यांसारख्या व्यंजनांतील फूत्कार आणि घर्षण मात्र बरेच वरच्या भागात असते. 'स' या ध्वनीचा मुख्य जोर सेकंदास ४,००० कंपनांच्याही वर असतो, आणि तो जोर मुळातच थोडका असतो. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० कंपनांचाच पट्टा वाहून नेला जाई. म्हणून तर दूरध्वनीवर नाव सांगताना 'सशातला स' किंवा 'फणसातला फ' असा खुलासा करण्याची वेळ येई. लॅपटॉपच्या जाळीत धूळ साचली म्हणजे हाच प्रकार वर्गात घडू लागतो. खालचे स्वर धुळीतून वाट काढतात. वरचे नाजूक ध्वनी तेथेच अडतात. 'साल', 'शाल' आणि 'चाल' हे तीन शब्द मग दूर बसलेल्या मुलास एकसारखेच ऐकू येतात.

प्रौढ माणूस असा अर्धवट ऐकलेला शब्द पूर्वीच्या ओळखीवरून मनातल्या मनात पुरा करतो. लहान मुलाजवळ ही शिदोरी अजून जमलेली नसते. ज्या मुलाच्या घरी भिली, कोरकू, गोंडी किंवा अन्य बोली बोलली जाते, त्याला तर पाठातील पुष्कळ शब्द त्या यंत्रातूनच प्रथम ऐकावयाचे असतात. त्याने प्रथम जसा ऐकला, तसाच तो शब्द त्याच्या मनात बसतो व तसाच तो पाटीवर उतरतो. आपल्याला नीट ऐकू आले नाही, हेदेखील त्या मुलास समजत नाही; कारण नीट ऐकू येणे म्हणजे काय, याचा अनुभवच त्यास त्या शब्दापुरता नसतो. तो बिचारा गप्प बसतो, इकडेतिकडे पाहू लागतो, आणि 'याचे लक्ष नसते' असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो. यंत्राचा दोष अशा रीतीने मुलाच्या माथी बसतो. तेवढ्याकरिता तरी या जाळीकडे लक्ष देणे अवश्य आहे.

धुळीचे आणखी एक लक्षण असे की, ती हळूहळू साचते. आवाज एका दिवसात बसला तर सर्वांनाच कळेल. परंतु तो महिन्यामहिन्याने तसूतसूने बसतो आणि कान त्यास सरावतात. मग आवाजाचा आकडा वाढविला जातो. जूनमध्ये जो पाठ निम्म्या आवाजात वर्गभर ऐकू येत होता, त्यास दिवाळीनंतर पुरा आवाज लावावा लागतो. आवाज वाढविल्याने खालचे स्वर मोठे होतात, अडलेले वरचे ध्वनी त्या मानाने मागेच राहतात, आणि लहानसा स्पीकर त्याच्या शक्तीबाहेर ताणला जाऊन चिरकू लागतो. काही ध्वनिप्रणालींत आवाज शंभर टक्क्यांच्याही पुढे नेण्याची सोय असते. ती वापरल्यास आवाज अधिक फाटतो आणि स्पीकरला इजा होण्याचा संभव असतो. बुजलेल्या वाटेवर आवाज वाढविणे हा उपाय नव्हे. वाट मोकळी करणे हा उपाय होय.

आता या जाळीमागे काय असते ते पाहू जाता, रचना साधीच आहे. पातळ पापुद्र्याला बारीक तारेचे एक वेटोळे चिकटविलेले असते व ते लोहचुंबकाच्या जवळ टांगते राहील असे बसविलेले असते. वेटोळ्यातून विजेचा बदलता प्रवाह वाहू लागला की ते पुढेमागे हलते, त्याबरोबर पापुद्रा हलतो, पापुद्र्याबरोबर हवा हलते, आणि त्या हलण्यासच कान ध्वनी म्हणून ओळखतात. या तत्त्वावरील स्पीकरला आजचे रूप देणारा शोधनिबंध अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केला. पुढे दिवाणखान्यातील रेडिओत, सभेच्या कर्ण्यात आणि आजच्या लॅपटॉपमध्ये तेच तत्त्व उतरले. फक्त आकार लहान होत गेला. लॅपटॉपमधील स्पीकर बहुधा दोन असतात, आणि त्यांची शक्ती प्रत्येकी एकदोन वॉटच्या आसपास असते. एवढ्या थोड्या शक्तीने सर्व वर्ग भरावयाचा असल्यामुळे वाटेतील थोडीशी अडचणही जाणवते. रेडिओवरील कापडाच्या मोठ्या जाळीवर चार कण बसले तरी बिघडत नसे. लॅपटॉपची छिद्रे सुईच्या अग्राएवढी असल्यामुळे तेथे चार कणही पुष्कळ होतात.

जाळीची जागा सर्व यंत्रांत एकच नसते. काहींत ती कळफलकाच्या डाव्या-उजव्या अंगास असते, काहींत कळफलकाच्या वरच्या कडेस असते, आणि पुष्कळ यंत्रांत ती खालच्या पृष्ठभागावर, पुढील कडेजवळ असते. जागा नक्की करण्यासाठी यंत्रावर एखादे भाषण लावून तळहात सावकाश कडेकडेने फिरवावा. जेथे हात आडवा येताच आवाज बदलतो तेथे जाळी आहे असे समजावे. यंत्रास जी आणखी रुंद फटींची जाळी असते व जिच्यातून गरम हवा बाहेर येते, ती पंख्याची वाट होय. ती निराळी आहे. या दोहोंची गल्लत करू नये.

जाळीत अडकणारी धूळ कोठून येते, हेही पाहण्यासारखे आहे. पहिला वाटा खडूचा. खडूची भुकटी बारीक, हलकी आणि कोरडी असते. फळा पुसताच ती हवेत तरंगते आणि फळ्याजवळच्या टेबलावर येऊन बसते. दुसरा वाटा सकाळच्या झाडलोटीचा. त्यानंतर गावपरत्वे भेद आहेत. देशावर उन्हाळ्यात वावटळीची माती, सुगीत मळणीचा भुसा, साखर कारखान्याजवळ चिपाडाची काळी राख, कापसाच्या मुलखात सरकीवरचे तंतू, कोकणात तांबडी माती. पावसाळ्यात हवेतील ओल या भुकटीत मुरते, ती जाळीस घट्ट चिकटते, आणि ऊन पडल्यावर तिची खपली बनते. कोरडी धूळ ब्रशाने निघते. खपली सहजी निघत नाही. म्हणून पावसाळा लागण्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा तरी जाळी साफ करणे हे शहाणपणाचे होय. एरव्ही महिन्यातून एकदा पाच मिनिटे दिली तर काम हलकेच राहते.

साफसफाईस हात घालण्यापूर्वी दोष जाळीतच आहे याची खात्री करून घ्यावी. याची कसोटी सोपी आहे. तोच पाठ हेडफोन लावून ऐकावा. हेडफोनमध्येही आवाज दबलेला असेल, तर दोष मुद्रणातला किंवा यंत्रातील मांडणीचा आहे. जाळी कितीही घासली तरी त्याने काही साधणार नाही. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आणि स्पीकरमधून तेवढा दबलेला येत असेल, तर जाळीचा अथवा स्पीकरचा संशय घ्यावा. एकाच बाजूने आवाज कमी येत असेल, तर डाव्या-उजव्या आवाजाचे प्रमाण मांडणीत समान आहे की नाही ते आधी पाहावे. आवाज मुळीच येत नसेल, तर हेडफोनच्या छिद्रात कचरा अडकल्यामुळे हेडफोन लावलेलाच आहे अशी यंत्राची समजूत झालेली असण्याचा संभव असतो. आणि आवाजाबरोबर खरखर किंवा थरथर येत असेल, तर एखादा कण आत सैल हलत आहे, किंवा पापुद्राच फाटला आहे, असे समजावे. फाटलेला पापुद्रा सफाईने सांधत नाही. तो स्पीकर बदलावाच लागतो.

खात्री झाल्यावर पुढील क्रमाने काम करावे.

प्रथम यंत्र पूर्णपणे बंद करावे. केवळ झाकण मिटल्याने यंत्र बहुधा झोपी जाते, बंद होत नाही. चार्जरची तार काढावी व इतर सर्व जोडण्या सोडवाव्यात. यंत्र गरम असल्यास ते थंड होऊ द्यावे. नंतर हात धुऊन कोरडे करावेत व उजेडाच्या जागी, वारा नसेल अशा ठिकाणी, टेबलावर स्वच्छ फडके अंथरून त्यावर यंत्र ठेवावे. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात जाळी पाहिली म्हणजे कोणती छिद्रे मोकळी व कोणती बुजलेली, हे चटकन दिसते.

दुसरी पायरी ब्रशाची. चित्रकलेचा मऊ केसांचा कोरा कुंचला, किंवा अगदी मऊ असा नवा दातांचा ब्रश यासाठी पुरेसा आहे. रंगात बुडविलेला कुंचला पुन्हा वापरू नये. येथे मुख्य गोष्ट ही की, यंत्र अशा रीतीने धरावे की जाळीचे तोंड जमिनीकडे अथवा निदान तिरपे खाली राहील. जाळी वर तोंड करून ब्रश फिरविला तर निघालेली धूळ छिद्रांतूनच आत पडते, आणि बाहेरचा कचरा आतला होतो. तोंड खाली असले म्हणजे सुटलेला कण आपल्या वजनाने बाहेर पडतो. ब्रश एकाच दिशेने, हलक्या हाताने, जाळीच्या पृष्ठभागावरून ओढावा. केस छिद्रांत खुपसू नयेत व गोल घासू नये. चारपाच फेऱ्या झाल्या की ब्रश बाजूस झटकून पुसावा व पुन्हा तेच करावे. एका माणसास यंत्र धरणे व ब्रश फिरविणे ही दोन्ही कामे जड जातात. म्हणून सहकारी शिक्षकाने यंत्र दोन्ही हातांनी धरावे.

तिसरी पायरी चिकट पट्टीची. ब्रशाने न निघालेला भुरा छिद्रांच्या तोंडाशी असेल, तर रंगकाम करणारे लोक कडेला लावतात ती कागदी चिकटपट्टी घ्यावी. तिची चिकटाई बेताची असते. तिचा तुकडा जाळीवर बोटाने अलगद टेकवावा आणि सरळ उचलावा. दर वेळी नवा भाग वापरावा. फार चिकट पट्टी वापरल्यास तिचा डिंक जाळीवर राहतो व त्याच डिंकावर पुढची धूळ आणखी घट्ट बसते. भिजविलेली कणीक दाबून धूळ काढण्याची युक्ती काहींना सुचते. परंतु कणकेचे कण छिद्रांत राहतात व त्यांच्या वासाने मुंग्या आणि झुरळे यंत्राच्या आश्रयास येतात. तो मार्ग टाळावा.

चौथी पायरी हवेची, आणि तीही जपूनच. छायाचित्राच्या कॅमेऱ्याची धूळ उडविण्यासाठी रबरी फुग्याची लहान पिचकारी मिळते, ती या कामास उत्तम. जाळीचे तोंड खालीच ठेवून, वीतभर अंतरावरून, तिरप्या रोखाने हवेचे लहान लहान झोत द्यावेत. म्हणजे धूळ आत न ढकलली जाता कडेने उडून जाते. डब्यात भरलेली दाबाची हवा वापरावयाची असल्यास डबा उभाच धरावा; तो तिरपा अथवा उलटा झाल्यास आतील द्रव बाहेर येऊन जाळीवर पडतो. झोत क्षणभराचाच असावा.

यानंतरही जाळीच्या बाहेरच्या अंगास हाताच्या तेलाचा किंवा मळाचा थर असेल, तर मऊ, तंतू न सुटणाऱ्या फडक्याचे टोक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करावे व केवळ पृष्ठभाग पुसावा. द्रव फडक्यावर घ्यावा. जाळीवर कधीही शिंपडू नये. फडके पिळले असता थेंब पडत असेल, तर ते या कामास फार ओले आहे असे समजावे. हा द्रव पेट घेणारा असल्यामुळे दिवा, उदबत्ती अथवा चूल जवळ नसावी. यंत्र पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे निदान अर्ध्या तासाने, चालू करावे.

आता काय करू नये, ते सांगणे यापेक्षाही अगत्याचे आहे. कारण धुळीने आवाज दबतो, पण उतावळ्या हाताने तो कायमचा जातो.

सुई, टाचणी, सेफ्टी पिन, खराट्याची काडी अथवा दात कोरण्याची काडी छिद्रात घालू नये. जाळीमागे बारीक कापड असते व त्याच्या मागे थोड्याच अंतरावर तो पापुद्रा असतो. टाचणीचे टोक छिद्राच्या पलीकडे कोठवर गेले, हे बोटास कळत नाही. जेथे कापड फाटले तेथून पुढची सर्व धूळ थेट पापुद्र्यावर जाते. आणि पापुद्रा फाटला तर खरखर कायमची पाठीस लागते.

तोंडाने फुंकू नये. पेटी, तबला किंवा पुस्तक यांवरची धूळ फुंकरीने उडते हे खरे. परंतु फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक तुषारही जातात, ते आतल्या धुळीत मिसळून तिचा चिखल करतात, आणि फुंकरीचा रोख नेमका आतच असतो. सायकलच्या दुकानातील हवेचे यंत्रही वापरू नये. त्याचा दाब या नाजूक भागाच्या मानाने फारच मोठा असतो व त्या हवेत पुष्कळदा पाणी आणि तेलाचा अंश असतो. घरगुती कचरा ओढणारे विजेचे यंत्र थेट जाळीवर टेकवू नये. त्याच्या ओढीने पापुद्रा ताणला जाण्याचे भय असते.

पाणी, रॉकेल, थिनर, साबणाचे पाणी, यांतील काहीही जाळीवर घालू नये. हात निर्जंतुक करण्याचे द्रव शाळांत उरलेले असतात, त्यांत अल्कोहोल असते म्हणून ते चालतील असे वाटते. परंतु त्यांत त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ घातलेले असतात. ते सुकत नाहीत. चिकट थर मागे ठेवतात.

यंत्र उघडून पाहण्याचा मोह आवरावा. आत लिथियम-आयन बॅटरी असते. तीस टोचले किंवा वाकविले गेल्यास आगीचा धोका असतो. शिवाय हमीची मुदत शिल्लक असल्यास यंत्र उघडल्याने ती गमावण्याचा संभव असतो. सफाई करताना यंत्राची तळबाजू फुगलेली, किंवा जोडावरचा सांधा उचललेला दिसला, तर तो धुळीचा प्रश्न नव्हे; बॅटरी फुगल्याचे ते लक्षण आहे. असे यंत्र चालू करू नये, चार्ज करू नये, मुलांपासून दूर ठेवावे व जाणत्या दुरुस्तीकाराकडे पाठवावे.

आणखी एक गोष्ट केवळ शाळेतच घडण्यासारखी आहे. विज्ञानपेटीतील लोखंडाचा कीस आणि लोहचुंबक घेऊन चुंबकीय रेषांचा प्रयोग मुलांना दाखविला जातो, आणि त्यासंबंधीची चित्रफीत दाखविण्यासाठी लॅपटॉपही त्याच टेबलावर मांडला जातो. स्पीकरमध्ये स्वतःचा लोहचुंबक असल्यामुळे उडालेला कीस तो आपणाकडे ओढून घेतो. खडूची धूळ ब्रशाने सुटते. परंतु आत शिरून चुंबकास धरून बसलेला कीस सुटत नाही, आणि त्याची खरखर जात नाही. टाचण्यांची डबी व स्टेपलच्या पिना यांनाही हाच नियम लागू आहे. प्रयोगाचे टेबल आणि लॅपटॉपचे टेबल वेगळे असावे.

सफाई झाल्यावर तिचा उपयोग झाला किंवा कसे, हे यंत्राजवळ उभे राहून ठरवू नये. त्याची परीक्षा शेवटच्या रांगेत व्हावयास पाहिजे. शिक्षकाने 'साल, शाल, चाल', 'पळ, फळ', 'कार, खार', 'सात, हात' असे दहाबारा शब्द सावकाश व स्वच्छ उच्चारून भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि ते मुद्रण लॅपटॉपवर साठवावे. दरमहा सफाईपूर्वी एकदा व सफाईनंतर एकदा, आवाजाचा आकडा तोच ठेवून, शब्दांचा क्रम तेवढा बदलून, ते वर्गात लावावे. मागच्या रांगेतील मुलांनी ऐकलेला शब्द पाटीवर लिहावा. सफाईपूर्वी ज्या पाट्यांवर 'शाल'च्या जागी 'चाल' होती, त्या सफाईनंतर सुधारल्या तर काम नीट झाले. यात दुहेरी लाभ आहे. यंत्राची परीक्षा होते आणि मुलांना शुद्धलेखनाचाही सराव होतो. शिवाय, सफाईनंतरही, पुढे बसविल्यावरही, एखादे मूल सातत्याने चुकीचे ऐकते असे आढळले, तर दोष यंत्राचा नसून त्या मुलाच्या कानाचा असू शकेल. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या वेळी त्याचे कान अवश्य दाखवावेत व पालकांना तसे सांगावे.

सफाईपेक्षा धूळ न साचू देणे केव्हाही बरे. झाडलोट चालू असताना लॅपटॉप कपाटात असावा, व झाडल्यावर धूळ खाली बसेपर्यंत, म्हणजे परिपाठ होईपर्यंत, तो बाहेर काढू नये. जमीन झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओलसर फडक्याने पुसल्यास खडूची भुकटी उडत नाही; डस्टर झटकावयाचे तर ते अंगणात जाऊन झटकावे. यंत्राचे टेबल फळ्याखाली न ठेवता कडेस ठेवावे. जाळी खालच्या अंगास असलेले यंत्र सतरंजीवर किंवा जाड टेबलक्लॉथवर ठेवू नये. कापडाने आवाज अडतो आणि कापडातील तंतू व धूळ जाळीत चढते. त्याखाली लाकडाची साधी फळी द्यावी. काम संपल्यावर यंत्र बंद करून, थंड झाल्यावर, जुन्या सुती साडीची शिवलेली खोळ त्यास घालावी. चालू यंत्रावर मात्र खोळ घालू नये. त्याची उष्णता आत कोंडते.

दसऱ्याच्या सुमारास सरस्वतीपूजन होते. त्या दिवशी पाटी-पुस्तकांच्या बरोबरीने लॅपटॉपही पूजेत मांडण्याची प्रथा पुष्कळ शाळांत पडली आहे, आणि ती उचितच आहे; ज्यायोगे ज्ञान मिळते त्याविषयी आदर असावा. परंतु हळदकुंकू, अक्षता व फुलांचे केसर यंत्रावरच वाहिले, तर ते नेमके जाळीत उतरते. हळदीची भुकटी तर बोटांच्या ओलीने चिकटून बसते. यास्तव यंत्र बंद ठेवून त्यापुढे पाट किंवा तबक मांडावे आणि हळदकुंकू त्या तबकात वाहावे. उदबत्तीचा रोख यंत्राकडे नसावा, रांगोळीही जरा दुरूनच घालावी. पूजेत काही उणे राहत नाही.

हे सर्व काम कोणी करावयाचे, हाही प्रश्न आहे. जाळीवर ब्रश फिरविण्याचे काम शिक्षकानेच करावे. ते मुलांच्या हाती देऊ नये. परंतु मुलांनी ते जवळ उभे राहून पाहावे. पापुद्रा कसा हलतो, धूळ कोठे बसते, सुई का घालू नये, हे एकदा नीट समजले म्हणजे चौथीतील मूलही घरच्या भ्रमणध्वनीच्या छिद्रात टाचणी घालणाऱ्या मोठ्या भावास थांबवील. सफाईची तारीख व त्या दिवशी आढळलेले दोष जडसंग्रह नोंदवहीतील यंत्राच्या नोंदीसोबत दोन ओळींत टिपून ठेवावेत. शिक्षक बदलून गेले तरी नोंद राहते, आणि आवाज केव्हापासून बसला हे पुढच्या शिक्षकास शोधीत बसावे लागत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्या शाळेने आपला ब्रश, पट्टी व रबरी पिचकारी नेऊन दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक दाखविले, तर इतर शाळांनाही त्याचा लाभ होईल. या साहित्यास लागणारा खर्च इतका थोडा आहे की, त्यासाठी मंजुरीची वाट पाहण्याचे कारण पडू नये.

लॅपटॉप महाग आहे म्हणून तो जपावा, हे म्हणणे योग्यच आहे. परंतु ते पुरेसे नाही. तो वर्गात आणला गेला तो आवाज व चित्र यांच्या द्वारे दूरची गोष्ट जवळ आणण्यासाठी. जवळ बसलेल्या मुलास ती अधिक जवळ आणि दूर बसलेल्या मुलास आणखी दूर, असे त्याच यंत्राने होऊ लागले, तर त्याचा हेतू फसला. गावच्या शाळेत मागे बसते कोण, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. उशिरा येणारे, धाकट्या भावंडास सांभाळून येणारे, बुजरे, नव्याने दाखल झालेले मूल मागे बसते. त्यास स्वच्छ ऐकू जाणारा एक शब्द महिन्याच्या पाच मिनिटांच्या कामाने मिळत असेल, तर ती पाच मिनिटे शाळेच्या वेळापत्रकात असावीत. येत्या शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतील यंत्राची जाळी तिरप्या उजेडात धरून एकदा पाहावी, आणि त्यानंतर शेवटच्या रांगेत जाऊन बसून एक पाठ ऐकावा.